उघड्या फिल्टरची धूळ

"अजून किती हवा देता येईल हिला, उस्ताद?"

बाबालाल मिस्त्री स्टुलावर बसून एका म्हाताऱ्या मोपेडचा प्लग पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. दिग्विजयने मोटारसायकल फळीवरून, इंजिनाच्याच जोरावर, आत घेऊन स्टँडवर लावली होती; दाराच्या दोन पायऱ्या तो तिच्या शेजारून चढला होता. दोनच पायऱ्या होत्या, तरी वर आल्यावर त्याला थोडं थांबावं लागलं होतं.

हे गॅरेज खांबेवाडी घाटाच्या पायथ्याशी आहे. दिग्विजय इथेच चार वर्षं शिकला. मग शहरात जाऊन दोन महिन्यांचा कोर्स करून आला, आणि तेव्हापासून त्याला शिकण्यासारखं काही उरलं नाही.

रविवारी घाटात चढाईची शर्यत होती. पहिला येईल त्याला कोइमतूरच्या एका संघात जागा मिळणार होती. दिग्विजयला तीन सेकंद कमी पडत होते. ते तीन सेकंद मागायला तो आला होता, आणि आपण मागतो आहोत हे कळू नये याची काळजी घेत होता.

म्हणून त्याने आधी समजावून सांगितलं. कंपनीचा एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरची बंद पेटी, हे इंजिनाच्या नाकावर बांधलेलं फडकं. ते काढून त्याने उघडा फिल्टर बसवला होता, लाल, जाळीचा, शंकूच्या आकाराचा. कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा जेट मोठा केला होता. गाडी आता श्वास घेते, तो म्हणाला. जुन्या काळच्या लोकांना हे माहीत नव्हतं, पण त्यात त्यांचा काही दोष नाही.

जुन्या काळच्या लोकांच्या वतीने मिस्त्रींनी मान हलवली.

"जुना फिल्टर आणलास?"

आणला होता, एअर बॉक्ससकट. या गॅरेजात त्याशिवाय बोलणं पुढे सरकत नसे. मिस्त्री प्रत्येक गाडीचा फिल्टर काढून वर्तमानपत्रावर आपटत आणि पडलेली धूळ वाचत. गाडी कुठे कुठे फिरली, हे ते धुळीवरून सांगत. लोक त्यांच्याकडे ज्योतिषाकडे जावं तसे येत. फरक एवढाच, की मिस्त्री फक्त झालेलं सांगत, त्यामुळे ते बरोबर निघे.

त्यांनी जुना फिल्टर कागदावर आपटला. करडी, तांबडी धूळ पडली. त्यांनी ती बोटाने अलग केली. हे साखर कारखान्याच्या चिमणीचं. हे पिठाच्या गिरणीसमोरचं... तिथे तू फार वेळ उभा राहतोस. दिग्विजय थोडा लाजला. गिरणीसमोर कोण राहतं, हे मिस्त्रींनी विचारलं नाही.

"आता तो नवा दे."

दिग्विजयने क्लॅम्प सोडवून लाल फिल्टर काढून दिला. मिस्त्रींनी तो आपटला. पुन्हा आपटला. कागदावर काही पडलं नाही.

"किती चालवलीस हा लावून?"

"अकराशे किलोमीटर."

"सगळी घाटात?"

"सगळी घाटात. बघा ना, किती स्वच्छ आहे."

"मग अकराशे किलोमीटरची धूळ कुठं गेली?"

आत जाऊन जळली असेल, सायलेन्सरमधून निघाली असेल, असं दिग्विजय म्हणाला. कोर्सला हा भाग नव्हता.

मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. बोट काळं झालं, पण तांबडं नाही.

मग ते कागदाकडे पाहत राहिले. जुन्या फिल्टरची धूळ कागदावरून हळूहळू सरकत होती. दाराकडे नाही... मोटारसायकलच्या उघड्या तोंडाकडे. इंजिन बंद होतं.

"फॅनचा वारा," दिग्विजय म्हणाला.

वीज ठरल्याप्रमाणे बारालाच गेलेली होती.

"चालू कर," मिस्त्री म्हणाले.

दिग्विजयने किक मारली. फिल्टर नसलेलं कार्बोरेटर खसखसा हवा ओढू लागलं. मिस्त्रींनी उजवा तळहात कार्बोरेटरच्या तोंडावर घट्ट दाबला. हे दिग्विजय पहिल्या वर्षी शिकला होता. तोंड बंद केलं, की तीन मोजायच्या आत इंजिन मरतं. मेलं नाही, तर ते दुसरीकडून कुठून तरी हवा ओढतं आहे, आणि मग ती फट शोधायची.

एक. दोन. तीन.

इंजिन मेलं नाही. उलट आवाज जास्त सुरेल झाला.

"मॅनिफोल्डचं रबर फाटलं असेल," असं दिग्विजयला म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. त्याने छातीवर हात ठेवला. ओठ निळे पडू लागले. तो टाकी धरून खाली बसला, तरी इंजिन एकसारखं चालत होतं.

मिस्त्रींनी तळहात उचलला.

दिग्विजयला श्वास मिळाला. तो बराच वेळ खोकत राहिला, आणि खोकताना समोरच्या कागदावर ओणवा झाला. त्याने इग्निशन बंद केलं तेव्हा कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर त्याच्या तोंडातून पडलेली तांबडी धूळ होती. बारीक, कोरडी.

मिस्त्रींनी ती बोटाने अलग केली. अगदी रोजच्यासारखी.

"हे अकराव्या वळणाचं," ते म्हणाले. "तिथे डोळ्यापुढे अंधारी येते ना?"

दिग्विजयने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरलासुद्धा फक्त दम लागतो म्हणाला होता. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, तो उत्तम आला, आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या.

"कधीपासून येते?"

"फिल्टर बदलल्यापासून..." दिग्विजय म्हणाला. मग घाईने म्हणाला, की तेव्हापासूनच गाडी नऊ सेकंद लवकर पोचते. नऊ सेकंद, उस्ताद. आणखी तीन मिळाले तर...



जुना एअर बॉक्स त्याच्या डाव्या हाताशी पडला होता. त्याने हात त्याच्याकडे नेला, अर्ध्यावर थांबवला, आणि पँटला पुसला. मग लाल फिल्टर उचलून पुन्हा जागेवर बसवला आणि क्लॅम्प आवळला. 

"उस्ताद," तो हळू आवाजात म्हणाला, "रविवारी जाऊ का नको?"

मिस्त्रींनी कागदाची पुडी केली आणि ती त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली. मोपेडचा प्लग पुन्हा हातात घेतला.

"जा की. गाडी पहिलीच येईल," ते म्हणाले. "फक्त वर पोचल्यावर... तिच्यावरून उतरायला कोण उरलंय, तेवढं बघ."