डिस्क कोणाला दिसत नाही

"कोणाला दिसत नाही?" महाराजांनी विचारलं.

शार्दूल इनामदार गोंधळला. डिस्क दिसत नाही, एवढंच तो म्हणाला होता.

"यंत्राला," तो म्हणाला.

महाराज ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. ते सोलत राहिले...

शार्दूल पुन्हा आत गेला.

विश्राम महाराज एके काळी विद्यापीठात संगणक शिकवत. पुढे डोळ्यांच्या पडद्याचा आजार जडला, नजर हळूहळू विझत गेली, आणि ते कृष्णाकाठच्या या मठात येऊन राहिले. इथे त्यांनी अंध मुलांसाठी ब्रेल छापखाना उभा केला. छपाईचं यंत्र देणगीतून आलं. ते चालवणारा जुना संगणक महाराजांनी हाताने चाचपत स्वतः जोडला. युनिक्सच्या घराण्यातली एक प्रणाली त्यावर होती. पडद्यावर जे अक्षर उमटेल ते हा संगणक सपाट आवाजात वाचून दाखवी, त्यामुळे महाराजांचं काही अडत नसे.

त्यांच्याकडे शिकायला लांबून माणसं येत. शार्दूल त्यातला सगळ्यात हुशार. पुण्यात मोठ्या पगाराची नोकरी होती, ती सोडून आला होता. आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि इतरांनाही ते ठाऊक असावं अशी त्याची इच्छा असे.

संगणक सुरू व्हायला वेळ घेतो, हे त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. त्या गाभ्यात जगातल्या यच्चयावत उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणांशी बोलणारे छोटे प्रोग्राम, भरून ठेवलेले. मठात नसलेल्या कॅमेऱ्यांचे, नसलेल्या साउंड कार्डांचे. इतका कचरा कशाला, असं तो महाराजांना म्हणाला होता. मी सडसडीत कर्नल करून देतो. महाराजांनी मान डोलावली होती. हो की नाही, ते कळलं नव्हतं. शार्दूलने हो धरलं.

त्याने कर्नल नव्याने बांधायला घेतला. प्रत्येक ड्रायव्हरपुढे तीनच पर्याय असतात. गाभ्यात घ्या, बाजूला सुटा ठेवा म्हणजे लागेल तेव्हा उचलता येईल, किंवा वगळून टाका. शार्दूलने भराभर निकाल दिले. संगणक जागा होताना सोबत घ्यायच्या ड्रायव्हरांचं एक छोटं गाठोडं असतं, तेही त्याला फालतू वाटलं. काढून टाकलं. नवा कर्नल त्याने पेनड्राइव्हवर घातला, कारण हा संगणक पेनड्राइव्हवरूनच जागा होई. जुना पुसला.

सकाळी त्याने बटण दाबलं. पडद्यावर ओळी धावल्या आणि मध्येच थांबल्या. मूळ डिस्क सापडत नाही, अशी शेवटची ओळ होती.

वाचून दाखवणारा आवाज आलाच नाही.

ओसरीवर महाराजांना सांगून परत आल्यावर त्याने वायरी काढून पुन्हा लावल्या. दुसऱ्या वायरी लावल्या. कंट्रोलरचं कार्ड, म्हणजे ज्याच्यामार्फत डिस्कशी बोलणं होतं ती हिरवी पट्टी, बाहेर काढून पुसली आणि परत बसवली. दर वेळी तीच ओळ. शेवटी त्याने स्वतःला सांगितलं की डिस्क जुनी होती, तिचा काळ भरला. योगायोगाने आजच.

तेवढ्यात भिंतीला हात लावत हौसाताई आत आल्या.

हौसाताई जन्मांध. कोणीतरी पुस्तक वाचून दाखवायचं आणि त्यांनी ब्रेलच्या सहा कळांवर ते टाइप करायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. इतिहास, भूगोल, गोष्टी, आरोग्याची पुस्तकं. जिल्ह्यातल्या अंधशाळेत जे काही वाचलं जाई, ते बहुतेक त्यांच्या बोटांतून गेलेलं होतं. ते सगळं त्या डिस्कवर होतं. दुसरीकडे प्रत काढून ठेवायचं काम शार्दूलकडे होतं, आणि नवा कर्नल झाला की निवांत काढू, असं म्हणून त्याने ते लांबणीवर टाकलं होतं.

आज छपाईचा आवाज कसा नाही, असं त्यांनी विचारलं. शार्दूलने डिस्कबद्दल सांगितलं. अर्धंच सांगितलं.

"म्हणजे पुस्तकं गेली का, भाऊ?"

शार्दूलने पुसलेलं कार्ड पुन्हा एकदा दाबून बघितलं.

हौसाताई स्टुलावर बसल्या. हात मांडीवर ठेवले. 

"मग पहिल्यापासनं करू," त्या म्हणाल्या. "वाचणारं कुणी मिळालं तर."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शार्दूलला वाटलं. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तो तडक ओसरीवर गेला आणि महाराजांना म्हणाला की डिस्क मेली आहे, चूक माझी आहे, मी प्रत काढली नाही.

महाराजांनी सुपातली टरफलं झटकली आणि उठले. दाराची चौकट चाचपत आत आले. उघड्या पडलेल्या संगणकापुढे उकिडवे बसले. "सुरू कर," म्हणाले.

शार्दूलने बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली.

महाराजांनी हात पुढे केला. शार्दूलचं मनगट पकडलं आणि त्याचा तळवा डिस्कच्या चपट्या धातूच्या डबीवर टेकवला. वर आपला तळवा ठेवला.

डबी कोमट होती. आत काहीतरी फिरत होतं, एका लयीत, बारीक थरथर अंगात शिरत होती. अडखळणं नाही, खरखर नाही...

"मेली?"

"नाही," शार्दूल म्हणाला. 

"ही आहे. मग नाही कोण?"

शार्दूलने पडद्याकडे पाहिलं. डिस्क होती. कार्ड होतं. मध्ये बोलणारा नव्हता.

"कंट्रोलरचा ड्रायव्हर," तो म्हणाला.

"बोलाव त्याला."

शार्दूलने कळफलकाकडे हात नेला. हात मध्येच थांबला.

त्याने तो ड्रायव्हर वगळला नव्हता. सुटा ठेवला होता, लागेल तेव्हा उचलता यावा म्हणून...

"महाराज, तो डिस्कवर आहे."

महाराजांनी डबीवर बोटाने टकटक केलं.

"डिस्क उघडायला जो लागतो तो मी डिस्कमध्येच ठेवलाय."

स्टुलावरून हौसाताईंच्या हसण्याचा आवाज आला. आपल्याला हसू येईल असं त्यांनाही वाटलं नसावं. त्यांनी पदर तोंडाला लावला. शार्दूल आधी ओशाळला, मग जमिनीवर फतकल मारून बसला आणि हसू लागला. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला होता.

पुढचं काम साधं होतं. कपाटात ही प्रणाली पहिल्यांदा बसवली तेव्हाची सीडी होती. तिच्यातला कर्नल अगडबंब, मठात नसलेल्या सगळ्या उपकरणांनी भरलेला. शार्दूलने संगणक त्या सीडीवरून सुरू केला. ओळी सावकाश सरकू लागल्या. आज त्याला घाई नव्हती. एका ओळीत कंट्रोलरचं नाव आलं. त्याखालच्या ओळीत डिस्कचं.

त्याने डिस्क उघडली आणि पुस्तकांची नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. इतिहास. भूगोल. पाण्याचे आजार. हौसाताई प्रत्येक नावाला "हं" म्हणत होत्या. एका नावाला त्यांनी त्याला थांबवलं. मग म्हणाल्या, ते यजमान असताना केलेलं, त्यांनी वाचून दाखवलेलं.

शार्दूलने आधी सगळ्याची प्रत काढली. ती होईस्तोवर दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. मग कर्नलची यादी उघडली, कंट्रोलरच्या ड्रायव्हरपुढचा पर्याय बदलला आणि त्याला गाभ्यात घेतलं. डिस्कवरची मांडणी ज्याला वाचता येते, तो ड्रायव्हरही आत आहे ना, हे बोट ठेवून पाहिलं. कर्नल बांधायला लावला आणि वाट बघत बसला. जुनं यंत्र धापा टाकत होतं. मठात पंगत बसली, उठली. त्याचं ताट हौसाताईंनी झाकून ठेवलं.

उन्हं कलली तेव्हा काम झालं. त्याने नवा कर्नल पेनड्राइव्हवर घातला. सीडी काढली. बटण दाबलं.

ओळी धावल्या. सकाळी जिथे थांबल्या होत्या, ती जागा आली...

आणि मागे पडली.

"लॉगिन," सपाट आवाजात संगणक म्हणाला.

ओसरीवरून महाराजांनी खाकरल्याचा आवाज आला. हौसाताईंनी दोन्ही हात जोडले, कोणाकडे तोंड करून ते शार्दूलला कळलं नाही. थोड्याच वेळात छपाईचं यंत्र खडखडू लागलं आणि जाड कागदाचं पहिलं पान बाहेर आलं. हौसाताईंनी ते मांडीवर घेतलं, बोटं फिरवली, एका ओळीवरून परत मागे गेल्या.

"माझीच चूक राह्यलीय हितं," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद मावत नव्हता.

शार्दूल ओसरीवर आला. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. भूक लागली आहे हे त्याला तेव्हा जाणवलं, आणि तीही चांगली वाटली.

"महाराज," तो म्हणाला, "आज जे कळलं ते पुन्हा कधी विसरायचं नाही मला. आत्ताच लिहून ठेवतो."

त्याची नजर आत संगणकाकडे गेली.

"कुठे?" महाराजांनी विचारलं.