ठकूआयचं टेकण

सावटीच्या घाटात गाडीरस्ता नव्हता, डोंगराच्या अंगावर माणसांच्या पावलांनी पाडलेली एकच पायवाट होती, त्या फार वर्षांपूर्वीच्या काळातली ही गोष्ट. ऐकणाऱ्याने आधी खांदे सैल सोडून बसावं. ठकूआयची गोष्ट खांदे आवळून ऐकू नये, असं म्हणतात.

घाटाखाली वेळशेत आणि घाटावर घोणशी. वेळशेताला खाडी, खाडीला लागून मिठागरं. घोणशीला आठवड्याचा बाजार. वेळशेतची माणसं डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन घाट चढायची आणि येताना जोंधळा, मिरची, गूळ घेऊन उतरायची. बैलाला ती वाट झेपत नव्हती, म्हणून माणसं जायची. बैलाला जे जमत नाही ते माणसाकडून करून घ्यायचं, ही रीत काही आजची नाही.

त्या वाटेचा एक नियम होता. घाटात ओझं खाली ठेवायचं नाही. पायथ्याला उचललं की थेट माथ्यावर. मधे जमिनीला टेकलं ते वाघजाईचं झालं, आणि टेकवणाऱ्याला ती वर्षाच्या आत घेऊन जाते, असं म्हणायचे. शिवाय मसणात जाताना मधे विसाव्याला खाली ठेवतात ती तिरडी. जित्या माणसाचं ओझं मधे कशाला ठेवायचं? "मधी ठेवत्यात ते मढं," अशी म्हणच वेळशेतात पडली होती.

खरं कारण साधंच असणार. मिठाची भरली पाटी एकदा जमिनीवर ठेवली की एकट्याने परत डोक्यावर घेता येत नाही, उचलून द्यायला दुसरा लागतो. दुसऱ्याने हात द्यायचा तर आधी स्वतःची पाटी खाली ठेवायची, मग त्याला उचलून द्यायला तिसरा. असं करत सगळी रांग थांबणार, आणि शेवटच्याला उचलून देणार कोण? म्हणून कुणा शहाण्याने सांगितलं असेल, ठेवूच नका. पुढे तो शहाणा मेला, कारण विसरलं आणि वाघजाई तेवढी उरली. आपल्याकडे बऱ्याच नियमांचं असंच झालेलं आहे.

या वाटेवरची ठकू. तिचा नवरा धाकू तापाने गेला तेव्हा त्यांची लेक, नाव तान्ही, अजून अंगावर पीत होती. तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी ठकूने चुंबळ वळून डोक्यावर ठेवली, तिच्यावर पाटी ठेवली आणि घाटाला लागली. त्यानंतर किती पावसाळे गेले ते तिने मोजलं नाही. बाजार चुकवला नाही एवढं मात्र सगळे सांगत.

पण तिला एक विचित्र दुखणं जडलं. पाटी उतरायची, ओझं उतरायचं नाही. घरी येऊन भिंतीला पाठ टेकली तरी मान ताठच. खांदे कानांपर्यंत चढलेले. हात मधूनच आपोआप वर जायचे, डोक्यावर नसलेली पाटी सावरायला. झोपली की दात खायची, एवढ्या जोराने की शेजारची म्हातारी म्हणायची, "ठकूच्या घरात रातभर जातं चालतंय." भाकरी घशाखाली उतरायची नाही. मिठाचं ओझं वाहणाऱ्या बाईला जेवणात मीठच लागेनासं झालं, आणि ती आमटीत मूठ-मूठ मीठ टाकायची. तान्ही बिचारी तोंड वाकडं न करता जेवायची. आईच्या मानेची शीर बघून तिला कळायचं, आज बोलायचं की गप्प बसायचं. बहुतेक दिवस गप्प बसण्याचेच असत.

वैद्याने तेल दिलं, भगताने लिंबू उतरवलं. दोघांनीही मनापासून केलं, पण डोक्यावर जे दिसतच नव्हतं ते उतरवणार कसं? ठकूला विचारलं, काय होतंय गं, तर ती म्हणायची, "मला? मला काय झालंय?" आणि तिला ते खरंच वाटायचं. ओझं फार दिवस वाहिलं की ते ओझं वाटतच नाही, आपण असेच आहोत असं वाटतं.

तान्ही मोठी झाली, गावातच दिली आणि तीही घाटाला लागली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. गाव म्हणालं, दैवात नव्हतं. ठकूची मान आणखी ताठ झाली. दुसऱ्या खेपेला तान्हीला सहावा लागला होता, आणि जावई पायाला जखम होऊन घरी पडला होता. तेव्हा तान्ही पाटी घेऊन निघाली. ठकूने तिला नको म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "माझ्या म्होरं चाल."

दिवस उन्हाचा होता. रांगेच्या पुढे रावजी म्होरक्या, घाटातला जुना माणूस, नियमाचा पक्का. त्याच्यामागे बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी तान्ही आणि तिच्या पाठीशी ठकू. माथ्याखाली एक उभी चढण आहे, तिला कोंडचढ म्हणतात, कारण तिथे श्वास कोंडतो. तिथे तान्ही थांबली. तिचे पाय थरथरत होते. ओठ पांढरे पडले होते. एक हात पाटीला आणि दुसरा पोटाखाली गेला.

"आये," ती म्हणाली, "पोटात ओढतंय. जरा टेकू दे."

रांग थांबली. रावजी वरून ओरडला, "टेकू नगंस पोरी! मधी ठेवत्यात ते मढं. वर चल, थोडंच राह्यलंय."

सगळे तेच म्हणाले. वर चल, थोडंच राहिलंय. ठकूच्या तोंडातही तेच शब्द आले होते, कारण आयुष्यभर तिने स्वतःला दुसरं काही सांगितलं नव्हतं. पण लेकीची मान तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्या मानेवर तिला एक शीर दिसली. ताठ, फुगलेली. घरातल्या आरशात बघायला तिला कधी वेळ झाला नव्हता, पण ती शीर आपली आहे हे तिने ओळखलं. आपण लेकीला दुसरं काही दिलं नाही, ही शीर तेवढी दिली, असं तिला वाटलं.

चढणीच्या अंगाला कातळ होता आणि कातळातून एक सपाट खडक पुढे आलेला होता, बरोबर डोक्याच्या उंचीला. ठकू दर खेपेला त्याच्यावरून हात फिरवून पुढे जायची. तिने तान्हीला दंडाला धरून त्या खडकाला लावलं आणि म्हणाली, "मान जरा वाकीव. सरकू दे तिला."

पाटी डोक्यावरून सरकली आणि खडकावर बसली. ना वाकायला लागलं, ना उचलून द्यायला कुणी लागणार होतं. पुन्हा खाली उभं राहून ओढली की पाटी डोक्यावर येणार.

"ठकू! काय केलंस!" रावजी म्हणाला.

"जिमिनीला लागलं का?" ठकूने विचारलं.

रावजीने बघितलं. जमिनीला लागलं नव्हतं. वाघजाईला यात काही घेण्यासारखं नव्हतं.

"आणि बाजार? बाजार उठंल की!"

"मीठ हाय ते," ठकू म्हणाली. "मीठ कुठं नासतंय?"

रांगेत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पिढ्यान्पिढ्या ती माणसं जीव तोडून धावत होती, आणि डोक्यावर काय होतं, तर जगात न नासणारी एकमेव वस्तू. कुणीतरी हसलं. मग हसता हसता त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं, कारण त्याचा बाप याच चढणीवर छाती धरून पडला होता.

तान्ही कातळाला पाठ लावून बसली. तिच्या छातीतून एक लांब आवाज निघाला, हुश्श. हळूहळू ओठांवर रंग आला. पोटातली ओढ थांबली. मग तिने आईकडे बघितलं. "आये, तूबी टेक."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"टेक म्हणते ना."

ठकूने पाटी सरकवली. पाटी खडकावर बसली आणि ठकू तशीच उभी राहिली. मान ताठ, खांदे वर, दोन्ही हात हवेत, काहीच नसलेलं धरून. आजवर हे कुणी उजेडात नीट बघितलं नव्हतं. आज सगळ्या रांगेने बघितलं.

तान्ही उठली. "आये, पाटी उतरली. तू कुठं उतरवलंस?"

तिने आईची बोटं एकेक करून उघडली. मग हात खाली घेतले. खांद्यांवर तळवे ठेवून ते हलकेच दाबले, रुसलेल्या मुलाला बसवावं तसे. "दात सोड," ती म्हणाली. ठकूला कळेचना की दात धरलेले आहेत. सोडले तेव्हा जबडा दुखला. "आता श्वास सोड. घेऊ नगंस, आधी सोड."

ठकूने कपाळ खडकाला लावलं आणि श्वास सोडला. तो श्वास संपेचना, असं म्हणतात. धाकूच्या तेराव्यापासून कोंडलेला होता तो. घाटातलं गवत त्या श्वासाने आडवं झालं. खाली वेळशेतात चरणाऱ्या गुरांनी माना वर केल्या. आणि मग दरड कोसळावी तसा आवाज झाला. लोक धावत वर बघायला आले, तर दरड कुठेच नव्हती. ठकूने कपाळ उचललं तेव्हा खडकाला खळगा पडला होता, परातीएवढा, आणि त्या खळग्यात ठेवलेलं काहीच दिसत नव्हतं.

ठकूच्या ओठांवर काहीतरी ओघळलं. तिने जीभ लावली.

"खारट," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.

त्या दिवशी ते घोणशीला उशिरा पोचले. मीठ सगळं खपलं. तान्हीला पुढे मुलगी झाली, धडधाकट. ती जन्मल्यावर रडली नाही, "हुश्श" म्हणाली, असं म्हणतात. यावर मात्र माझाही विश्वास नाही.

ठकूने नंतर घाटात जागोजाग टेकणं रचली. जिथे खडक नव्हता तिथे दगडावर दगड, डोक्याच्या उंचीपर्यंत. गडीमाणसांना न हलणाऱ्या शिळा ती चुंबळीवर घेऊन यायची, कारण आता तिच्या डोक्यावर दुसरं काही उरलं नव्हतं, असं म्हणतात. म्हातारपणी ती कोंडचढीच्या टेकणाजवळच बसून असायची. कुणी पाटी ठेवली की विचारायची, "उतरलं का?" माणूस "उतरलं" म्हणाला की त्याची बोटं बघायची, खांदे बघायची, आणि खोटं असेल तर नुसती मान हलवायची. तिला फसवणं कुणाला जमलं नाही.

एकदा रावजी म्होरक्या आला. रिकाम्या हाताने, पाटी नव्हतीच. त्याचा कर्ता मुलगा खाडीत बुडून गेला होता आणि महिना झाला तरी तो कुणाशी बोलला नव्हता. त्याने कपाळ खडकाला लावलं आणि उभा राहिला.

बऱ्याच वेळाने ठकूने विचारलं, "उतरलं का?"

"न्हाय अजून."

तिने त्याला श्वास सोडायला सांगितलं नाही की देवाची मर्जी म्हणून समजावलं नाही. उठली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. मागून रांग आली, तीही थांबली. ऊन कललं. सावल्या खाली दरीत गेल्या. त्या दिवशी रावजीचं उतरलंच नाही. पण परत जाताना तो वाटेत एक शब्द बोलला, मुलाचं नाव. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि ठकू पुन्हा उभी राहिली.

ठकूआय गेली तेव्हा तिची तिरडी वेळशेतच्या विसाव्यावर ठेवली नाही. गावाने ती घाट चढून कोंडचढीला नेली. खांदेकरी म्हणाले, वजनच लागत नाही, नुसता बांबू उचलल्यासारखं वाटतंय. टेकणावर ठेवायला गेले तर रावजी, तेव्हा अगदी वाकलेला म्हातारा, म्हणाला, "तिला कशाला टेकवताय? तिचं कवाच उतरलंय. तुम्ही टेका." मग एकेक जण पुढे झाला आणि खळग्यात कपाळ ठेवून रडला.

आता घाटात डांबरी रस्ता आहे. मिठाच्या पाट्या गेल्या, मिठागरंही बरीच बुजली. पण कोंडचढीच्या वळणावर खळग्याचा खडक आहे आणि त्यावर वाळलेल्या गवताच्या चुंबळी ठेवलेल्या असतात. वेळशेतची लेक सासरी निघाली की तिला तिथे उभी करतात. बाळंतपणाला आलेली येते, नोकरीवरून घरी परतणारा येतो, निकालाला घाबरलेली पोरं येतात. बोटं सोडायची, खांदे सोडायचे, दात सोडायचे, मग श्वास. काय ओझं आहे हे कुणी कुणाला विचारत नाही. मागे जो उभा असेल त्याने एवढंच विचारायचं, "उतरलं का?"

खोटं बोलायचं नाही, हा तिथला एकच नियम. त्यामुळे बहुतेक वेळा उत्तर येतं, "न्हाय अजून." मग घाट चढणारी जीप थांबते. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. आत खेटून बसलेली माणसं, कुणाला बाजार, कुणाला दवाखाना, कुणाला कोर्टाची तारीख, एकेक करून खाली उतरतात आणि त्या अनोळखी माणसाच्या शेजारी जाऊन उभी राहतात. हॉर्न कुणी वाजवत नाही.