चार मजली डबा

भांडी बोलायची आणि माणसं नुसती घासायची, त्या काळातली ही गोष्ट.

इंदूच्या घरी एक चार मजली डबा होता. आई त्यात रोज पुलाव, कटलेट, पनीर आणि शिरा ठासून भरायची. डबा शाळेत भरलेला जायचा आणि भरलेलाच परत यायचा.

"मला हात लावायची कुणाची टाप नाही!" तो फळीवरच्या भांड्यांना ऐटीत सांगायचा. खरं म्हणजे, त्याचे आठ घट्ट खटके उघडेपर्यंत मधली सुट्टी संपायची आणि इंदू उपाशीच वर्गात पळायची.

एके दिवशी आईला उठायला उशीर झाला. तिने घाईघाईने रात्रीच्या पोळ्या कुस्करल्या, गूळ-तूप घालून लाडू वळले आणि काकडीच्या चकत्यांबरोबर एका चपट्या डबीत भरून दिले.

संध्याकाळी डबी नाचतच घरी आली.

"अगं बाई, रिकामी? लुटलं की काय तुला?" डबा ओरडला.

"लुटलंच की!" हसता हसता डबी फळीवरून पडायची वाचली. "इंदूने खाल्लं, मैत्रिणींनी पळवलं, एकीने तर बोट फिरवून तूपसुद्धा चाटलं. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!"

उभ्या जन्मात डब्याला कुणी चाटलं नव्हतं.

सकाळी आई फळीपाशी आली. तेवढ्यात डब्याचा वरचा मजला आपणहून खटके सोडून खाली उडी मारता झाला आणि घरंगळत जाऊन तिच्या पायाशी आ वासून बसला.