उलटा केलेला गुण्या

खिडकी काही केल्या लागेना!

राजा धवलसेनाने नव्या रंगमहालाची झडप खांद्याने रेटली. वरचा कोपरा चौकटीत अडकला आणि खालच्या कोपऱ्यातून बोटभर उजेड आत आला.

“संभू सुतार!” राजा गरजला. “चौकट वाकडी ठोकलीस!”

संभूची शिदोरी घेऊन आलेली त्याची बायको ठकू खांबाआड उभी होती. संभूने ओळंबा लावून चौकट बसवलेली तिने स्वतः पाहिली होती. दोरीला वजन बांधून सोडलं की ती सरळच लोंबते. राजाला घाबरून काय तिरकी होते?

झडपा मात्र खुद्द राजाने कापल्या होत्या. त्याला यंत्रांचा भारी नाद! महालाच्या पडवीत त्याने कोरणयंत्र बसवलं होतं. पायाने पायटा मारला की पातं गरगर फिरायचं आणि एका आडव्या, एका उभ्या रुळावरून सरकत लाकूड कापत जायचं.

“महाराज,” ठकू पुढे आली, “चौकट सरळ आहे. तुमचं यंत्रच तिरकं कापतंय.”

“कोण ही?” राजाने विचारलं.

“संभूची बायको, महाराज. चोळ्या शिवते,” दिवाणजी म्हणाले.

“अस्सं! चोळ्या शिवणारी आमचं यंत्र तपासणार! चला पडवीत!”

पडवीत राजाने काटकोन तपासायचा लाकडी गुण्या उचलला आणि दोन रुळांच्या कोपऱ्यात बसवला. केसभरसुद्धा फट नाही!

“हुबेहूब काटकोन, महाराज!” दिवाणजींनी मान डोलावली.

“हा गुण्या केला कुठे?” ठकूने विचारलं.

“कुठे म्हणजे? याच यंत्रावर! राज्यात याच्याइतका अचूक गुण्या नाही!”

ठकूने हसू लपवायला पदर तोंडाशी धरला. यंत्र तिरकं, त्यावर कापलेला गुण्या तितकाच तिरका, आणि दोघं एकमेकांची ग्वाही देत बसलेले! आणि एवढ्या मोठ्या दरबारात एकालाही हा साधा प्रश्न पडू नये?

राजाला ते हसू दिसलंच. “हसतेस? मग सूर्य मावळायच्या आत यंत्र तिरकं आहे हे सिद्ध कर! ओळंबा नाही, दोरी नाही, दुसरा गुण्या नाही. फक्त आमचा हा गुण्या! आणि नुसतं सिद्ध करून भागणार नाही, यंत्र सरळही करून द्यायचं. नाही जमलं, तर संभूची हत्यारं जप्त आणि तुम्ही दोघं राज्याबाहेर!”

“अगं, माफी माग,” संभू कुजबुजला. “खोट्या मापाने खरं कसं निघेल?”

“अहो, थांबा की जरा!”

ठकूच्या डोळ्यांसमोर चोळीच्या बाह्या आल्या. मापाचा कागद एकच; डाव्या बाहीला सुलटा ठेवायचा, उजवीला उलटा. सुलटा असताना तो डावीकडे कलत असेल, तर उलटल्यावर उजवीकडे कलतो. मग गुण्या तरी काय वेगळं करणार?

“एक सरळ कडेची फळी द्या, आणि कोळसा.”

“फळी?” दिवाणजी पुढे सरसावले. “बाहेरची वस्तू चालणार नाही!”

“मग रेघ काय तुमच्या पागोट्यावर काढू, दिवाणजी?”

राजाच्या मिश्या हलल्या. “द्या फळी!”

ठकूने फळीच्या कडेवर एक ठिपका दिला आणि गुण्या कडेला टेकवून तिथून एक रेघ ओढली. मग भाकरी उलटावी तसा तो उलटला आणि त्याच ठिपक्यापासून दुसरी रेघ ओढली. दोन रेघा उघड्या कात्रीसारख्या फाकल्या!

“काटकोन खरा असता, तर उताणा काय नि पालथा काय, रेघ एकच आली असती. मी कुठे काय बोलले, महाराज? तुमचा गुण्याच बोलला!”

राजाने स्वतः गुण्या उलटसुलट करून पाहिला. कात्री काही मिटेना.

“दिवाणजी?”

“मला... तेव्हाच शंका आली होती, महाराज!”

पण राजा हट्टी. “यंत्र तिरकं, कबूल! आता सरळ कुठे आहे ते दाखव. दोन्ही रेघा खोट्या. दोन खोट्यांतून खरं काढ बघू!”

“दोघी सारख्याच खोट्या आहेत ना? एक जितकी इकडे, तितकीच दुसरी तिकडे. म्हणजे खरी रेघ त्यांच्या बरोबर मधोमध उभी आहे!”

तिने यंत्राखालची एक लांब, पातळ ढलपी उचलली, रेघांच्या टोकांमधल्या अंतराएवढी तोडली आणि दुमडून निम्मी केली. तिथे खूण करून तिने मधली रेघ ओढली. मग फळीची कड आडव्या रुळाला समांतर बसवली. संभूने उभ्या रुळाच्या टोकाची खीळ सैल केली आणि हलक्या हाताने रूळ ठोकत राहिला. ठकू पातं मागे-पुढे सरकवून पाही.

“अजून... अजून जरासं... अहो, जास्त झालं! मागे घ्या! हां, बस!”

पात्याचं टोक मधल्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावलं. संभूने खीळ घट्ट केली. राजा स्वतः पायटा मारायला बसला आणि घामाघूम होत त्याने नवा गुण्या कापला. तो हातात घेऊन त्याने डोळे बारीक केले.

“पण बाई, हाही याच यंत्रावर कापलाय! हा खरा कशावरून?”

“माझ्यावर विश्वास ठेवूच नका, महाराज. ठेवायचा असता तर सकाळीच ठेवला असता! गुण्या तुमच्या हातात आहे. उलटा की!”

राजाने रेघ ओढली. गुण्या उलटला. पुन्हा ओढली. फळीवर एकच रेघ!

राजा असा हसला, असा हसला की बसल्या जागेवरून घसरला! उठून त्याने हातातलं सोन्याचं कडं ठकूला दिलं आणि संभूला रंगमहालाचा मुख्य कारागीर नेमलं.

“आणि दर महिन्याला येऊन हे यंत्र तपासायचं, ठकूबाई,” तो डोळे पुसत म्हणाला. “पायटा आम्ही मारू!”