बोराटीचे फुटवे

पुष्कळ वर्षं लोटली त्याला. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात मत्तया नावाचा एक माणूस राहत होता. कामाला वाघ, मनाने भला. पण जीभ म्हणाल तर बोराटीचा काटा! एकदा भाकरी करपली म्हणून चार माणसांदेखत तो बायकोला नको नको ते बोलला. रिबका माळ्याची लेक. तिने गाठोडं बांधलं आणि तडक माहेर गाठलं.

घर खायला उठलं, तेव्हा गडी भानावर आला. ख्रिस्ती देवळात जाऊन बसू लागला, पाळकांचं ऐकू लागला. एके दिवशी सगळ्यांसमोर आपलं पाप कबूल करून तो ढसाढसा रडला आणि त्याने नदीवर बाप्तिस्मा घेतला. ते खरं होतं बरं का, नाटक नव्हतं.

त्याने रिबकाला निरोप धाडला, की प्रभूने मला नवं केलंय, आता घरी ये. उलट निरोपासोबत रिबकाने माहेरच्या गोड बोरीची काडी पाठवली. अंगणातल्या रानटी बोराटीवर हिचा डोळा भरून कलम करा, पहिलं बोर पिकलं की चाखायला येईन आणि मग राहायचं की नाही ते ठरवीन, असं तिचं म्हणणं होतं.

मत्तयाने बोराटी छाटली. नव्या धुमाऱ्याची साल चिरून तिच्यात काडीवरचा डोळा बसवला, वर सुतळी गुंडाळली. डोळा फुटला, तसा तो हरखून गेला.

आता कलमाची रीत अशी, की खालच्या जुन्या खुंटाला येणारे फुटवे रोजच्या रोज खुडायचे. मत्तयाने महिनाभर खुडले. मग म्हणाला, कलम तर जगलं, आता रोजची कटकट कशाला?

स्वतःच्या बाबतीतही त्याचं तेच झालं. आधी वाईट शब्द ओठांवर आला की तो थांबायचा, प्रार्थना करायचा. पुढे एकदा शेजाऱ्यावर खेकसला आणि मनाशी म्हणाला, एवढं चालायचंच, मी तर नवा झालोय. झाड मात्र असं फोफावलं, की विचारू नका! येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते कौतुकाने दाखवी.

थंडीत बोरं पिकली. रिबका गाठोडं घेऊन आली. मत्तयाने सगळ्यांत लाल बोर निवडून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते तोंडात टाकलं आणि तिचे दात आंबले.

मत्तयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या बापाने काडीच खोटी दिली, असं ओरडत तो कुऱ्हाड आणायला धावला. रिबकाने खाली ठेवलेलं गाठोडं पुन्हा उचललं.

ते पाहून तो वाटेतच थांबला. भाकरी करपली त्या दिवशीचाच आवाज, तेच बोल!

"म्हणजे मी बदललोच नव्हतो का गं?" त्याने विचारलं.

रिबका झाडाजवळ गेली. काटेरी फांद्या बाजूला सारून तिने आतली एक बारीक फांदी दाखवली. तिची पानं चांगली रुंद होती.

"हा बघा तुमचा डोळा. जिवंत आहे," ती म्हणाली. "देवाने भरलेला डोळा खोटा नसतो. पण खुंट जुनाच आहे, तो फुटणारच. ही आंबट बोरं त्याचीच, तुम्ही त्याचा पाला बघून भुललात. फुटवे खुडायला बळ मागा, तेही तोच देईल."

मत्तयाने त्याच दिवशी रानफांद्या उतरवल्या. हात रक्ताळले, पण तो थांबला नाही. मग तसाच शेजाऱ्याच्या दारी गेला आणि माफी मागून आला. रिबका म्हणाली, पुढल्या बोरांपर्यंत थांबते.

पुढल्या थंडीत बोरं आली ती अशी, की नुसता गर आणि साखर! पहिली बोरं शेजाऱ्याकडे पाठवायची ठरली, तेव्हा बांधायला कापड सापडेना. रिबकाने आपलं गाठोडं सोडलं आणि त्याच फडक्यात ती बोरं बांधली.

मत्तया म्हातारा झाला, तरी रोज सकाळी प्रार्थना करून तो झाडाभोवती एक फेरी मारी आणि खाली वाकून बघे.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: प्रभू नवा जन्म एकदाच देतो, पण जुन्या स्वभावाचे फुटवे त्याच्या बळावर रोज खुडावे लागतात.