वाळूच्या दांड्यावरचे आठ माइक

“मग चूक कुणाची, चाचा?”

दाऊदचाचा मांडीवरचं जाळं सोडवत होता. जाळ्यातली एक गाठ सुटत नव्हती, आणि गाठीपुढे माणसानं थांबावं, असा त्याचा शिरस्ता होता.

अवधूत थांबला. लहानपणी होड्या हाकणाऱ्या याच म्हाताऱ्या तांडेलानं त्याला वल्ह्याला कान लावून पाण्यातले मासे ऐकायला शिकवलं होतं. पुढे अवधूत इंजिनिअर होऊन आला. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या दांड्यावर त्यानं आठ माइक रोवले. दोरी धरून, अगदी सरळ रांगेत. आवाज कोणत्या माइकला आधी पोचला, कोणत्याला मागाहून, त्यावरून दिशा. वल्ह्याला त्यानं परत कान लावला नाही.

परवा सकाळी, दाट धुक्यात, बंदरावरचा विसू शिवलकर भरकटलेल्या होडीतून मदतीसाठी डबा बडवत होता.

माइकांचं यंत्र बघून अवधूतनं खाडी सांगितली. बंदरावरच्या दोन्ही होड्या खाडीत गेल्या.

विसू समुद्राच्या अंगाला होता.

डबा वाजत राहिला... मग वाजायचा थांबला.

“यंत्र काय म्हणालं होतं?” चाचानं अखेर तोंड उघडलं.

“तीस अंश.”

“कुठल्या अंगाला?”

“...सरळ रांगेला अंग कळत नाही, चाचा. खाडीकडे तीस, नाहीतर समुद्राकडे तीस. दोन्हीकडून तिला सारखंच ऐकू येतं.”

“म्हणजे उत्तरं दोन. होड्याही दोन. आणि तू सांगितलंस एक.”

“अख्खं बंदर बघत होतं. ‘इकडे किंवा तिकडे’ म्हटलं असतं, तर हसले असते सगळे.”

“हसले असते,” चाचा म्हणाला. “विसू सगळ्यांत मोठ्यानं. त्याला हसायला कारण लागायचं नाही.”

चाचानं जाळं बाजूला ठेवून दोन दगड उचलले.

“डोळे मीट. मान हलवायची नाही.”

दगडावर दगड वाजला.

“कुठून?”

“समोरून.”

“तुझ्या पाठीशी उभा आहे मी.”

दगड परत वाजला. या खेपेला अवधूतची मान आपसूक वळली.

“मागून.”

“मान कशाला वळवलीस?”

“...खात्री नव्हती.”

चाचानं दगड टाकले आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.



“विसूची शेवंतीवहिनी दोनदा दारात येऊन गेली,” अवधूत म्हणाला. “रडत नाही. माझ्या नवऱ्याचा आवाज कुठून येत होता, एवढंच विचारते... काय सांगू तिला?”

“सांगू नकोस. दोन्ही हातांनी दाखव, दोन्ही अंगांना.”