झिजलेलं भोक

प्रदर्शनात नाणेतज्ज्ञ टिल्लूसाहेबांचा तोरा काही औरच होता. मथुराबाई घुग्यांनी पुढे केलेला, व्यापारी पेढीनं हमालाला दिलेला जुना पितळी बिल्ला त्यांनी दोन बोटांत धरला.

"भोक झिजून लांबट झालंय. पन्नास रुपये. माझा बघा, याच पेढीच्या हमालानं तीस वर्षं करदोट्याला बांधलेला. भोक अजून कसं गोल आहे. दहा हजार."

मथुराबाईंनी साहेबांचा बिल्ला निरखून पाहिला. "माझा आजाही तिथंच हमाल होता. पोती वाहताना बिल्ला दोऱ्यावर घासतो, भोक झिजतंच. तुमच्या हमालानं तीस वर्षांत एकही पोतं उचललं नाही का?"

भोवतीची माणसं हसली. साहेब हळूच म्हणाले, "बाई, तुमच्याला दहा हजार देतो."

मथुराबाईंनी आपला बिल्ला परत घेऊन कनवटीला खोचला. "पितळ पेढीचं होतं, साहेब. भोक आमच्या आज्यानं झिजवलंय. ते विकायचं नाही."